स्प्रिंगच्या टोकाला

४ जानेवारी, रविवार

सकाळी चूळ भरली आणि पाणी बेसिनमध्येच राहिलं. गेलं, पण इतकं हळू की आंघोळ आटोपून पाहिलं तरी तळाला होतंच. वर करडा तवंग. मिनलने येऊन पाहिलं आणि विचारलं, "बाबा, यात काय टाकता तुम्ही?" मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्या तोंडाकडे मात्र पाहिलं.

या बाथरूमला घरात सगळे बाबांचं बाथरूम म्हणतात. मिनल आणि नात गुंजन आतलं वापरतात. मुलगा अनंत तेवढा हिंगण्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला की इथे तोंड धुतो, म्हणजे त्या दोघींची झोप मोडत नाही. तेव्हा इथे जे तुंबेल ते माझं.

मिनल सून म्हणून वाईट नाही. पण तिचे वडील तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंडाच्या कॅन्सरने गेले. शेवटी त्यांना नळीने दूध घालावं लागायचं, ते हिनेच केलं. दसऱ्याला या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा तिने मला समोर बसवून सांगितलं, "बाबा, या घरात खर्रा दिसला तर मी तुमाले काटोलले चंद्रभानकाकांकडे पोचवून देईन. रागानं नाही सांगून राहिली. मले ते पुन्हा पाहवणार नाही."

चंद्रभान माझा धाकटा भाऊ. त्याच्या ओसरीत संत्र्याचे कॅरेट असतात आणि उरलेल्या जागेत मी. त्याची बायको माझ्या देखत विचारते, भाऊजी कधी जाणार.

आणि खर्रा मी सोडलेला आहे. बायको, तारा, गेली तेव्हा रामटेकला अंबाळा तलावात अस्थी सोडल्या. गुरुजी म्हणाले, तिच्या नावाने आवडीचं काही सोडा. लोक कारलं सोडतात. मी खर्रा सोडला. मिनल म्हणते, जन्माची सवय अशी तळ्यात सुटते का? अनंतला तरी पटतं की नाही कोण जाणे. हल्ली तो माझ्याशी बोलतच नाही. ओठ मिटून हूं हूं करतो.

५ जानेवारी

उकळतं पाणी ओतलं. धुण्याचा सोडा घातला. फेस वर आला, फेस खाली गेला, पाणी तसंच.

खाली बाकावर बिल्डिंगमधला भैयाजी होता. तो खर्रा खातो आणि समोर धरतोही. "घ्या न देवरावभाऊ, सुनबाई ऑफिसात गेली." मी म्हटलं, सोडला. तो म्हणाला, "सोडला म्हन्ते आन् इकडं पाहून तर राहिले." बेसिनचं सांगितलं तर म्हणाला, बंटी प्लंबरला बोलवा. बंटीला मी बोलवणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा पाइप साफ केला तेव्हा त्याने निघालेलं सगळं खाली पार्किंगमध्ये पेपरवर मांडलं होतं. केस, ब्लेड, बाईच्या टिकल्यांची पाकिटं. अख्ख्या बिल्डिंगने पाहिलं. माझ्या पाइपात काही नाही हे मला ठाऊक आहे, पण काही निघालंच तर?

८ जानेवारी

लकडगंजला जाऊन आलो. जन्मभर तिथे आरा मशीनवर लाकूड कापलं, आता रस्ताही मला ओळखत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मुलगा म्हणाला, "काका, स्प्रिंग घेऊन जा. सापासारखी आत जाते." लांब गुंडाळी, एका टोकाला दांडा, दुसऱ्या टोकाला आकड्यासारखं वळण. आत घालायची, दांडा फिरवत राहायचं, अडकलेलं त्या वळणात गुंततं, मग ओढायचं. सोपं आहे म्हणाला. त्याच्या हाताला सोपं असेल.

पिशवीत घालून आणली, गादीखाली ठेवली. रात्रभर पाठीला टोचली.

९ जानेवारी

फजिती झाली. सगळे बाहेर गेल्यावर स्प्रिंग वरून, जाळीतून घातली. थोडी गेली आणि थांबली. दांडा फिरवला. वाटलं, काहीतरी पकडलं. ओढली तर येईना. उलटा फिरवला तर जास्तच रुतली. कमोडच्या झाकणावर बसून रडकुंडीला आलो. बेसिनमधून साप अर्धा बाहेर लोंबतोय आणि गुंजनच्या शाळेची बस यायची वेळ झाली.

शेवटी बेसिनखालची प्लास्टिकची डबी हाताने फिरवून सोडवली. घाण पाणी सगळं पायावर. स्प्रिंगचं वळण त्या डबीतच अडकलं होतं, पुढे गेलीच नव्हती. म्हणजे डबी काढून स्प्रिंग भिंतीतल्या पाइपात घालायची, हे दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं की काय? सांगितलं असेल. मी दुकानात बाहेरून येणाऱ्या लाकडाच्या वासाकडेच लक्ष देत होतो.

डबीत गाळ होता. लाकडाच्या भुशासारखा, लालसर. फरशी पुसली, डबी तशीच घट्ट केली. दार उघडलं तर गुंजन उभी. "आजोबा, तुम्ही घामेघूम काहून झाले?"

म्हटलं, व्यायाम करत होतो.

१० जानेवारी

तो भुसा नाही.

आज बादली लावून, डबी काढून, स्प्रिंग भिंतीच्या पाइपात घातली. दांडा हळूहळू एकाच बाजूने फिरवला. आत काहीतरी मऊ लागलं. ओढलं. काळा गोळा आला. केस, साबण, आणि त्यात सुपारीचे कण. मूठभर सुपारी. कात नाही, तंबाखू आणि चुना. घोटलेल्या खर्‍याची सुपारी मी डोळे मिटून ओळखतो. प्लास्टिकच्या पन्नीचा चुरगळलेला तुकडाही निघाला, खर्रा बांधतात ती.

या घरात आलो ते दसऱ्याला. तारा गेली त्याच्या आधी. म्हणजे माझी नाही. पण माझी नाही हे सांगणारा मी एकटाच. जी शपथ मेलेल्या बायकोच्या नावाने घेतली ती मोडली, असंच म्हणतील.

आधीच्या भाडेकरूची असणार. तो कोण होता, ठाऊक नाही. पण त्याचीच असणार.

सगळं दुधाच्या जुन्या डब्यात भरलं. कचऱ्यात टाकावं तर मिनल ओला-सुका वेगळा करायला कचरा उघडून पाहते. खाली घेऊन जावं तर नेमका बंटी जिन्यात. डबा गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे ठेवला. सोमवारी फेकून येईन.

पाणी मात्र सरसर जातं आहे. मिनल म्हणाली, "झालं का साफ? मी बंटीले बोलावणार होती." मी म्हटलं, आपोआप झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. मिनलने तिळाचे लाडू केले, कडक, मला आवडतात तसे. मी अनंतच्या हातावर लाडू ठेवला. त्याने पाया पडून घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला. मी म्हटलं, "खा न बे, बायकोनं केला." म्हणाला, "खातो नंतर." आणि ओठ मिटून गेला. माझ्या हातचं गोडसुद्धा याला नको. लहानपणी मी खर्रा तोंडात टाकला की नाक दाबून अंगणात पळायचा. अजून तोच राग धरून बसला आहे का? आता तर मी खातही नाही.

भाजीतही हल्ली मिरची नसते. मिनलला विचारलं तर म्हणाली, "अनंतले अॅसिडिटी आहे म्हन्ते, झोंबते त्याले." कंपनीच्या कँटीनने पोट बिघडवलं असेल.

डबा अजून कुंडीमागेच आहे. खालचा वॉचमन प्रत्येकाच्या पिशवीत पाहतो.

१८ जानेवारी, रविवार

गुंजनचा वाढदिवस. गुपचूपवाल्याला घरीच बोलावलं होतं. मी पाणीपुऱ्या एकामागून एक खाल्ल्या. अनंतने वाटी घेतली, पुरी त्यात फोडली, पाणी ओतलं आणि चमच्याने खात बसला. भैयाजी आला होता, तो म्हणाला, "अनंता, हे काय बे, गुपचूप अशी खाते का कोनी? साहेब झाला का?" सगळे हसले. अनंतही हसला, पण ओठ न उघडता. मला वाटलं, कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून याला आमच्यासारखं तोंड भरून खायची लाज वाटते.

२१ जानेवारी

पाणी पुन्हा थांबलं.

सकाळी चूळ भरली आणि बेसिनमध्ये पाणी उभं. बादली लावून डबी सोडवली. डबीतच सापडलं, आत जावंच लागलं नाही. ताजी सुपारी. अजून पांढरी. चुन्याचा वास येतो.

आधीचा भाडेकरू नव्हे.

मग कोण? माझ्या बाथरूममध्ये येतं कोण? कामवाली यमुताई. ती पुसायला येते. तिला दारातच गाठलं. म्हटलं, यमुताई, जरा तोंड दाखवा.

"काहून? लग्न लावता का माझं?"

म्हटलं, खर्रा खाता का?

"मी तंबाखूची गुडाखू घासते आबाजी, सगळ्यायले ठाऊक आहे. खर्रा मले परवडते काय?" फडकं बादलीत आपटलं आणि म्हणाली, "बाहेरचं मानूस नका पाहू. घरातलंच कोनी असन."

म्हणजे तिचाही संशय माझ्यावरच. आता ही मिनलला सांगेल. सारखं काटोलची ओसरी डोळ्यासमोर येते. त्या ओसरीत मरण आलं तर गुंजनला सांगतील, आजोबा खर्रा खायचे.

२३ जानेवारी

बागेत दातांचं शिबिर होतं. तपासून घेतलं. मला डॉक्टरचा कागद हवा होता, की या माणसाच्या तोंडात काही नाही. डॉक्टर पोरगीच होती. म्हणाली, "आजोबा, तीन बोटं उभी करून तोंडात घाला." घातली. सहज गेली. "छान. ज्यांची जात नाहीत त्यांनी लगेच यायला पाहिजे. खर्‍यानं आतलं कातडं कडक होते, तोंडाची फट कमी कमी होत जाते. तिखट झोंबते. तुमचं बरं आहे."

कागद मागितला तर म्हणाली, बरं असलेल्यांना कागद देत नाही.

२५ जानेवारी, रविवार

डबा सापडला. मिनल तुळशीला माती घालायला बसली होती.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. डबा उघडा करून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसून राहिली. तोंडावर पदर. "बाबा, तुमी आईच्या नावानं सोडला होता न." एवढंच.

मी सगळं सांगितलं. स्प्रिंग दाखवली. ताजी सुपारी, यमुताई, सगळं. जितकं सांगत गेलो तितकं माझ्याच कानाला खोटं वाटायला लागलं. मी अनंतकडे पाहिलं. तो दारात उभा होता. म्हटलं, "अनंता, तू तरी सांग गा हिले. तुले तरी ठाऊक आहे न, मी नाही खात."

तो तसाच उभा राहिला. डोळ्यात पाणी होतं.

पोटचा पोरगा. एक शब्द नाही.

मिनल म्हणाली, "काही दिवस काकांकडे राहा. मले माझंच सांभाळू द्या." गुंजन विचारत होती, आजोबा काहून चालले.

पिशवी भरली. ताराचा फोटो घेतला, मग परत ठेवला. तिला त्या ओसरीत कशाला.

२६ जानेवारी

आजचं नीट लिहायचं आहे.

मिनलने निघताना हातावर दहीसाखर ठेवलं. अनंत मला गाडीवरून बसस्टँडला घेऊन आला. काटोलची बस लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. संत्रेवाली आली, मी सवयीने संत्री घेतली, एक सोललं आणि अर्धं त्याच्या हातात दिलं. लहानपणी काटोलला जाताना असंच द्यायचो.

तो फोड तोंडाशी घेऊन गेला. तोंड उघडलं नाही. फोड चपटी केली, आडवी धरली आणि दानपेटीच्या फटीत नाणं सरकवावं तशी बोटाने दातांमधून आत सरकवली. झोंबलं असावं, डोळे मिटले.

मी पाहत राहिलो. मग खिशातला लाडू आठवला. चमच्याने खाल्लेली गुपचूप. बिनमिरचीची भाजी. सकाळी बंद दाराआड बराच वेळ वाहणारा नळ.

म्हटलं, "आ कर."

"बाबा, बस लागून राहिली."

"आ कर म्हन्तो न."

"लोक पाहून राहिले बाबा."

"पाहू दे. उघड."

त्याने उघडलं. उघडलं म्हणजे काय, माझं एक बोट आडवं जाईना. आत पांढरं, फळीसारखं ताठ. लाकडाला गाठ पडते तशी गालाला आतून गाठ लागली.

खोटं लिहीत नाही. पहिल्यांदा मनात जे आलं ते हे, की मी सुटलो. सुपारी माझी नव्हती, आता सिद्ध झालं. क्षणभर हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटलेलं मला जन्मभर पुरेल.

तो सांगत होता. रात्रपाळीला झोप लागायची, मशीनमध्ये हात जायची भीती, सगळेच खातात, एकाने दिला. मिनलला कळेल म्हणून घरी येऊन आधी तोंड धुवायचा. "मी सोडतो बाबा. खरंच सोडतो. तिले नका सांगू. तिच्या बापाचं तिनं पाहिलं आहे. तुमी काही दिवस काटोलले राहा, तोवर मी बरा होतो."

कंडक्टर ओरडत होता, काटोल, काटोल. मी गेलो तर पोराचं घर वाचत होतं. आळ मी घेतला असता. ओसरीत मेलो असतो तरी चाललं असतं. पण मी गेलो तर त्याचं तोंड उघडून पाहणारं घरात कोणी उरत नाही.

बस गेली. मी म्हटलं, गाडी काढ.

मिनलने दार उघडलं, मला पिशवीसकट पाहिलं. मी अनंतला पुढे केलं आणि म्हटलं, "मिनल, याले तीन बोटं तोंडात घालायला सांग." दुसरं मला सांगताच आलं नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिला बोटं घालून पाहावी लागली नाहीत. ती तिथेच उंबऱ्यात बसली.

२८ जानेवारी

सरकारी दातांच्या दवाखान्यात. रांगेत बसून लिहितो आहे. आमच्या पुढे अनंतपेक्षा लहान पोरं आहेत. एकाला पाण्याची बाटलीसुद्धा तोंडाला लागत नाही, नळीने पितो. मिनल त्याच्याकडे पाहत नाही. अनंतचा हात तिने आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला आहे. पोलिसाने चोराचा धरावा तसा.

गालातला तुकडा कापून तपासायला घेणार.

३१ जानेवारी

मिनल संध्याकाळी माझ्या खोलीत आली. बसली नाही. म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशी सुपारी निघाली तेव्हाच मले दाखवायची होती."

म्हटलं, तू मला काटोलला पाठवलं असतं.

"पाठवलं असतं," ती म्हणाली. "आन् चार दिवसांनी पुन्हा तुंबलं असतं. मग मले कळलं नसतं काय?"

ती गेली. बरोबर बोलली. मी डबा कुंडीमागे लपवला तेव्हा स्वतःला लपवत होतो. लपला मात्र अनंत. तुकडा तपासून काय येईल ते ठाऊक नाही, पण मधले दिवस माझ्या डब्यात गेले. हे मी तिला कसं म्हणू? आणि ती मला का म्हणत नाही?

५ फेब्रुवारी

रिपोर्ट अजून नाही. उद्या या म्हणाले, काल पण तेच म्हणाले होते.

डॉक्टरने आइस्क्रीमच्या काड्या सांगितल्या आहेत. एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एक वाढवायची. म्हणजे ताठ झालेलं कातडं हळूहळू सैल होतं, झालं तर. गुंजनने वर्गातल्या पोरींकडून काड्या जमा करून आणल्या. तिला सांगितलं आहे की बाबांच्या दातांचा व्यायाम आहे. ती बाथरूमबाहेर उभी राहून ओरडते, "बाबा, आज एक जास्त लावा न!" आतून अनंतचा आवाज येतो, रडण्यासारखा; तोंडात काड्या असल्यावर त्याला बोलता येत नसतं.

कंपनीत त्याने दिवसपाळी मागून घेतली. खर्रा सोडला म्हणतो. मिनल रोज त्याचे खिसे पाहते. मी खिसे पाहत नाही. मला खिसे पाहता येत नाहीत, तो माझा पोरगा आहे.

तो कामावर गेला की मी बाथरूमचं दार लावतो. बादली ठेवतो, डबी सोडवतो, स्प्रिंग भिंतीच्या पाइपात घालतो. पाणी तुंबलेलं नाही, सरसर जातं, तरी घालतो. दांडा एकाच बाजूने फिरवायचा, घाई करायची नाही, हे आता हाताला ठाऊक झालं. पाइपाच्या पोटात काही लागतं का ते बोटांना कळतं. फिरवताना मी ताराला म्हणतो, काही निघू देऊ नको.

आज काहीतरी लागलं. हळूहळू ओढलं, वळण खिडकीच्या उजेडात नेलं, चष्मा पुसून पाहिलं, बोटांनी चोळून पाहिलं, नाकाशी नेलं.

केस होते. नुसते केस.